दिवस मावळेपर्यंत

चिआंग खान, थायलंड
१५ जानेवारी २०२५

आत्याबाई,

सुतकात नमस्कार करत नाहीत, म्हणून तो लिहिला नाही. वर 'सौ.' लिहायला गेले आणि हात थांबला. सासूला तुमच्याकडे 'आत्याबाई' म्हणतात हे मला बद्रीनं सांगितलेलं. चार वर्षांत तसं म्हणायची वेळ काही आली नाही. आणि हो, मी त्याला नावानंच हाक मारते, लिहिणारही नावानंच. रागावायला तुमच्याकडे याहून मोठी कारणं आहेत.

आधी मुद्द्याचं लिहिते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन. रविवारी तुम्ही फोनवर दिलेला निरोप मी बद्रीला दिलेला नाही. नाना गेले, त्याचा बाप गेला, हेच मी त्याला सांगितलेलं नाही.

तुमचा फोन आला तेव्हा तो खाली नदीवर गेला होता. त्याच्या फोनमध्ये इथलं सिम आहे, म्हणून तुम्ही नणंदबाईंच्या, आशाताईंच्या फोनवरून माझा नंबर लावलात. मी तुमचा आवाज ओळखला नाही. "उमा का? मी मनकर्णाबाई बोलायले, लासूरहून." सासूला सुनेजवळ स्वतःचं नाव सांगावं लागलं. मग म्हणालात, "नाना गेले गं सकाळी. जाताना दोनदा इचारलं, बद्री आला का म्हणून. त्याला म्हणावं, झालं गेलं सोड अन् ये. उद्या दिस मावळंपस्तोर ठिवतो त्यायला." मी 'हो' म्हटलं. एवढंच.

का सांगितलं नाही ते लिहिते. पटणार नाही, तरी वाचा. आम्ही त्याच दुपारी या गावात उतरलो होतो. इथे आपल्या काळीपिवळीसारख्या गाड्या आहेत, मागून चढा, मागून उतरा. उतरताना माझ्या पाठीवरच्या सॅकनं मला मागे ओढलं आणि मी भर रस्त्यात उताणी, हातपाय वर. उठता येईना. बद्री आधी घाबरला आणि मग हसायला लागला. इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मी पडल्या पडल्याच त्याचा फोटो काढला. आत्याबाई, लग्न झाल्यापासून तो असा हसलेला मी पाहिला नव्हता. शेंद्र्याला कंपनीत जायचं, यायचं, जेवायचं, भिंतीकडे तोंड करून झोपायचं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी माझ्या हट्टानं ही पंधरा दिवसांची भटकंती, दोघांच्या पाठीवर मावेल तेवढं सामान घेऊन. आणि तो हसल्यावर तासाभरात तुमचा फोन.

म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी म्हटलं, सकाळी सांगू. आज चौथा दिवस आहे.

तसंही पोचणं शक्य नव्हतं. हे गाव थायलंडच्या अगदी कडेला आहे, मेकाँग नदी ओलांडली की लाओस. बँकॉकला बसनं दहा तास, पुढे विमान, पुढे मुंबई, पुढे लासूर स्टेशन. दिवस मावळायच्या आत कुठलं जमणार? मग त्याला उगाच तळमळत ठेवायचं कशाला?

आशाताई माझा फोन उचलत नाहीत, म्हणून वहीत लिहितेय. पोस्टात टाकेन.

उमा

१६ जानेवारी

आत्याबाई,

कालचं पत्र वहीतच आहे. पोस्ट सापडलं, दारापर्यंत गेले आणि परत आले.

आशाताई फोन का उचलत नाहीत ते आज ध्यानात आलं. सोमवारी सकाळी मी बद्रीचा तो हसतानाचा फोटो स्टेटसला ठेवला होता. वर लिहिलं होतं, 'नदीकाठी निवांत!' तिकडे नाना भुईवर, तुम्ही सगळे रस्त्याकडे डोळे लावून बसलेले, आणि फोनमध्ये लेक दात काढून हसतोय. पाहणाऱ्यांच्या यादीत आशाताईंचं नाव होतं, ते मी आज पाहिलं. तुम्हाला वाटेल, हिला काळीज आहे का दगड? मी रोज सकाळी एक फोटो ठेवायचे. त्या दिवशी ठेवला नसता तर बद्रीनं विचारलं असतं, आज का नाही? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

म्हणजे तुमच्या घरात आता सगळ्यांना वाटतंय की निरोप कळूनही बद्री आला नाही, वर हसत फिरतोय. हे त्याच्या कपाळी मी लिहिलं.

बद्री कसा आहे ते सांगते, तुम्हाला ऐकावंसं वाटत असेल. बरा नाही. रविवारचं हसणं रविवारीच संपलं. पोट बिघडलंय म्हणतो. आम्ही राहतो त्या लाकडी घराची मालकीण नोईमावशी जीव लावून रस्सा, तळलेला मासा आणते, तो ताट परत करतो आणि नुसता चिकट भात नि उकडलेला पाला खातो. परवा संक्रांत होती. माझ्या आईनं तिळाच्या वड्या दिल्या होत्या, त्या पुढे केल्या तर म्हणाला, "गोड नको." मीही तोंडाला लावल्या नाहीत, डबा नोईमावशीला दिला. गादीवर पाठ दुखते म्हणून तो खाली चटईवर झोपतो. दाढी वाढवली आहे. उजाडायच्या आत नदीत बुडी मारून येतो, ओठ निळे पडेपर्यंत.

इथे देवळाला वाट म्हणतात. मी आत जाऊन बुद्धाला हात जोडून आले. हो, सुतकात गेले. म्हटलं, मला कुठलं सुतक? तुमच्या घरानं मला घेतलंय कुठे? बद्री बाहेर पायरीवरच बसला. बूट काढायचा कंटाळा म्हणाला. मी त्याला म्हटलं, "दाढी काय, चटई काय, कंटाळा काय! आता तू खरा बॅकपॅकर शोभतोस."

तो उठून पुढे चालायला लागला.

उमा

१८ जानेवारी

आत्याबाई,

पहिल्या पत्रात लिहिलं ते खरं आहे, पण सगळं नाही. बद्री हसला म्हणून मी गप्प बसले, हे कुणालाही सांगण्यासारखं कारण आहे. दुसरं सांगण्यासारखं नाही.

रजिस्टर लग्न करून आम्ही संभाजीनगरहून थेट लासूरला आलो, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. माझ्या बाबांनी, अनंतरावांनी, जातीबाहेरचा जावई म्हणून तोंड पाडलं होतं, पण दार उघडलं होतं. मला वाटलं, तुमच्याकडेही तसंच होईल. चार शब्द ऐकावे लागतील आणि मग चहा. तुम्ही भाकरतुकडा ओवाळायला ताट घेऊन बाहेर आला होतात. तुमचा हात माझ्या तोंडापर्यंत आला होता. नाना बाजेवरून म्हणाले, "ते ताट आत ने." तुम्ही ते आत नेलंत.

मी हटले नाही. म्हटलं, बापमाणूस आहे, चिडलाय, निवळेल. दुपारचे साडेतीन वाजले होते. दिवस मावळला तरी मी उंबऱ्याबाहेर उभी होते. गल्लीतली पोरं येऊन बघून जात होती. बद्री नानांच्या पाया पडायला वाकला तर त्यांनी पाय मागे घेतले आणि ते बोलले, जे त्यानं चार वर्षं उशाशी घेतलंय: "मला पोरगा नाय. माझ्या मढ्याला बी येऊ नको."

फोनवर तुम्ही 'दिस मावळंपस्तोर' म्हणालात ना, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ठाऊक आहे? दुःख नाही. बद्रीसुद्धा नाही. मनात आलं, बघू देत वाट. मीही बघितली होती.

असं आहे हे. मेलेला माणूस कसली वाट बघतो? वाट तुम्ही बघत होता, ज्यांनी माझ्यासाठी ताट आणलं होतं. एवढं साधं गणित मला, शाळेत पोरांना गणित शिकवणाऱ्या बाईला, सुटायला सहा दिवस लागले. आणि सुटलं तोवर बद्रीच्या जागी चुलत दीर सांडूभाऊंनी अग्नी देऊन राखही सावडली असणार. आता कुठल्या तोंडानं सांगू बद्रीला? काल सांगितलं नाही म्हणून आज सांगता येत नाही, आज सांगितलं नाही म्हणून उद्या अजून अवघड. मला जेवण जात नाही. तो समोर बसला की मला त्याच्या हातांकडे बघवत नाही.

आज नोईमावशीनं मला ओट्यावर बोलावलं. तिला आपली भाषा येत नाही, ती फोनमध्ये बोलते आणि फोन आपल्याला इंग्रजीतून सांगतो. तिनं विचारलं, "तुझ्या नवऱ्याचं कोण वारलं? तो पहाटे नदीत उभा राहून रडतो." मी तिला सांगितलं, फोननं चुकीचं सांगितलं असेल. तिनं फोन खाली ठेवला.

उद्या सांगते. काहीही झालं तरी सांगते.

उमा

१९ जानेवारी

आत्याबाई,

सांगितलं.

सकाळी नदीच्या पायऱ्यांवर बसला होता. मी शेजारी बसले नाही, समोर उभी राहिले. म्हटलं, "बद्री, नाना गेले."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"गेल्या रविवारपासून."

रविवारी संध्याकाळी सांडूभाऊंनी गावाच्या ग्रुपवर नानांचा हार घातलेला फोटो टाकला होता. तो त्यानं इथे नदीवर उभं राहून पाहिला. वर आला, मला म्हणाला, "पाठ दुखतेय, मी खाली झोपतो," आणि चटई अंथरली. आठ दिवस तो माझ्यासमोर सुतक पाळत होता आणि मी त्याला बॅकपॅकर म्हणत होते. दाढी, चटई, फोडणीविना जेवण, गोड नको, देवळाच्या बाहेर बसणं, एकूण एक गोष्ट माझ्यासमोर होती. आमच्या घरी आजोबा गेले तेव्हा मीही दहा दिवस असंच जेवले आहे. तरी मला ते दिसलं नाही. मला वाटलं, लपवायचं काम एकटी मीच करतेय.

"मला का नाही सांगितलंस?" असं मी विचारलं. मी!

म्हणाला, "तुला काय सांगायचं? तू एवढी खूश होतीस. अन् जायचं नव्हतंच मला. नाना म्हणाले होते मढ्याला येऊ नको. नाय गेलो. पण बाप आहे, इथं पाळता येतं तेवढं पाळायलोय."

मग मी उरलेलं सांगितलं. तुमचा फोन आला होता. नानांनी जाताना दोनदा त्याचं नाव घेतलं. तुम्ही ये म्हणालात. त्यानं मान वर केली. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो हळूहळू उठला आणि म्हणाला, "उमा, असलं रचू नको."

"रचत नाही."

"नाना असं म्हणणारच नाहीत. चार वर्षांत नाय म्हणले. मला बरं वाटावं म्हणून बोलायलीस तू. आईनं फोन केला असता तर तू आठ दिवस पोटात ठेवला असतास का? एवढी वाईट नाहीस तू."

ऐकलंत? मी एवढी वाईट नाही, म्हणून तो माझ्यावर विश्वास ठेवत नाही. मी त्याला फोनमधली नोंद दाखवली, आशाताईंचा कॉल, रविवार, तीन मिनिटं. म्हणाला, आशानं तुला शिव्या द्यायला केला असेल. मी आईची शपथ घेतली, गळ्याला हात लावला. तो म्हणाला, पुरे. मग तुम्हाला फोन लाव म्हटलं, तर म्हणतो, बापाला खांदा न दिलेला पोरगा कुठल्या तोंडानं आईला हॅलो म्हणणार? आणि तुम्ही त्याला कळवलंच नाही असं तो धरून बसलाय. तिकडे तुम्ही तो आलाच नाही असं धरून बसला आहात. मधे मी.

आज आठवा दिवस. उद्या सकाळी निघाला तर परवा दहाव्याला पिंडाला तो बसू शकतो. नाही निघाला तर सांडूभाऊ बसतील आणि बद्री उरलेला जन्म या समजुतीत काढेल की बाप शेवटपर्यंत त्याचं तोंड बघायला तयार नव्हता. ते खोटं आहे हे जगात तुम्हाला ठाऊक आहे आणि मला. माझं तो मानत नाही.

पोस्टात टाकायला आता वेळ नाही. चारही पत्रांच्या पानांचे फोटो काढून आशाताईंच्या फोनवर पाठवते आहे. आशाताई, तुम्ही हे उघडलंत तर पुसून टाकू नका. मला काय वाटेल ते बोला, पण आईंना वाचून दाखवा.

आत्याबाई, तुम्ही त्याच्याशी बोला. नाना काय म्हणाले ते सांगा. आणि दिवस मावळेपर्यंत त्यांना ठेवलं होतं हेही सांगा, ते मी त्याला सांगितलेलं नाही. माझी जीभ वळली नाही. तेवढं कळलं की तो मला सोडेल. ते मला कळतंय. तरी सांगा. अर्धवट सांगाल तर त्याला पुन्हा वाटेल मीच तुम्हाला पढवलंय.

हात जोडते. सुतक असो नसो.

उमा

२० जानेवारी

आत्याबाई,

तुमचा फोन आला तेव्हा इथे सकाळचे साडेसात वाजले होते. तुम्ही मला एकच शब्द बोललात, "त्याला दे." मी फोन दिला आणि बाहेर जायला निघाले, पण पाय निघेना, दारातच थांबले.

तुमचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. तुम्ही रडला नाहीत. "बद्री, बाळा, त्यायनं दोनदा इचारलं रे. मी म्हणले, यायलाय, रस्त्यात हाय. मग गप झाले. दुसऱ्या दिशी बरफ आणून ठिवलं. मान्सं म्हणायली उचला, मी म्हणले नाय, माझं लेकरू यायलंय. दिस मावळला तवा उचललं." तो "हं" म्हणत होता, फक्त "हं". शेवटी म्हणाला, "येतो." चार वर्षांनी तुम्ही दोघं बोललात आणि त्यात माझं नाव निघालं नाही, यासाठी तुमचे पाय धरायला हवेत. माझी पानं वाचूनही तुम्ही ते घेतलं नाहीत.

फोन ठेवल्यावर तो सॅक भरायला लागला. मी तिकीट काढलं, एकच. विचारलं नाही. त्याच्या शर्टाची घडी घालायला घेतली तर त्यानं शर्ट माझ्या हातातून घेतला. हिसकावला नाही, घेतला. मग पाठमोरा राहूनच विचारलं, "त्या रविवारी निघालो असतो तर पोचलो असतो का?"

इथे मी 'नाही' म्हणू शकत होते. तुम्हाला पहिल्या पत्रात तसंच लिहिलंय, बँकॉकला बसनं दहा तास, दिवस मावळायच्या आत कुठलं जमणार. त्यानं ते मानलं असतं. त्याला तेच ऐकायचं होतं, असं मला त्याच्या पाठीवरून कळत होतं. 'नाही' म्हटलं असतं तर कदाचित तो वळला असता, कदाचित म्हणाला असता, चल तूही.

ते पत्र खोटं होतं, आत्याबाई. इथून पन्नास किलोमीटरवर लोएईला विमानतळ आहे. रविवारी तुमचा फोन ठेवला आणि मी पहिलं काम केलं ते विमान बघायचं. संध्याकाळचं होतं. बँकॉकहून पहाटेचं मुंबईचं होतं. दोन जागा होत्या. मी त्या बघितल्या, वेळ मोजली आणि फोन पालथा घातला.

"हो," मी म्हटलं. "दुपारी तीनपर्यंत पोचला असतास. मी बघितलं होतं."

 त्यानं सॅकचे बंद आवळले आणि खाली गेला. नोईमावशीनं केळीच्या पानात भात बांधून दिला, तो घेतला. मी गाडीपर्यंत मागे गेले. मला ये म्हणाला नाही. येऊ नको असंही म्हणाला नाही. गाडी वळली तेव्हा तो समोर बघत होता.

आज रात्री मुंबईत उतरेल, तिथून गाडी करेल. पहाटे पाच-सहापर्यंत तुमच्याकडे येईल. त्यानं त्या रविवारपासून धड खाल्लेलं नाही, पण विचाराल तर जेवलो म्हणेल. त्याला आधी बसू द्या आणि मग रडा. कुणी फोटोवरून त्याला बोललं तर सांगा, तो फोटो बायकोनं टाकला, त्यानं नाही. सगळं माझ्यावर ढकला, त्यात खोटं काही नाही.

माझं नाव तो काढणार नाही. तुम्हीही काढू नका, निदान दहावा होईपर्यंत.

उमा